अस्वल वगळून

पुस्तक अगदी खालच्या कप्प्यात होते. ते पाहण्यासाठी तिला उकिडवे बसावे लागले, आणि या वयात उकिडवे बसणे म्हणजे परत उठता येईल की नाही याचा आधी विचार करून घेतलेला निर्णय असतो. डावीकडे चित्रांतून अंकओळख, उजवीकडे पुठ्ठ्याचे पंख उघडमीट करणारे घुबड, आणि मधोमध तिचे 'सांत्वनाचे प्रकार': नवरा गेल्यानंतर एका बाईच्या घरी जी माणसे धीर द्यायला आली त्यांच्यावरचे, मोठ्यांनी मोठ्यांसारखे हसावे म्हणून लिहिलेले पुस्तक. मुखपृष्ठावर एक रिकामी खुर्ची होती. खुर्चीच्या बैठकीवर कुणाच्या तरी चिकट अंगठ्याचा ठसा उमटला होता. चार प्रती एकमेकींना टेकून उभ्या होत्या, वर्गाबाहेर उभे केल्यासारख्या.

"ताई, अहो उठा, मी देतो ना काढून," दुकानदार धावत आला. "गबदू अस्वलाचं हवंय का? नवीन आलेत. चड्डीचा रंग बदललाय या वेळी."

"हे इथे कुणी ठेवलं?"

"कुणी म्हणजे? तुमचं नाव टाकलं की संगणक हाच कप्पा दाखवतो."

"हे मुलांचं पुस्तक नाही."

"हो का?" त्याने एक प्रत उलटसुलट करून पाहिली, जणू तारीख उलटून गेलेले औषध. "पण तुमचंच आहे ना?"

त्याच्या प्रश्नात खोच नव्हती. असती तर बरे झाले असते. खोचीला उत्तर देता येते. ती उठली, चारही प्रती छातीशी धरून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि विनोदी वाङ्मयाच्या मांडणीत, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यांना जागा करून दिली. तो मागून पाहत होता. "ठेवा ठेवा, तुमचंच दुकान आहे," तो प्रेमाने म्हणाला. "पण खरं सांगू का ताई? तुम्हाला लोक वाकूनच शोधतात." ती बाहेर पडली. रस्ता ओलांडण्यापूर्वी तिने काचेतून मागे वळून पाहिले. तो प्रतींवरची नसलेली धूळ झटकत त्या परत खाली नेत होता, अतिशय निगुतीने, चुकून मोठ्यांच्यात शिरलेल्या पोरांना बखोटीला धरून न्यावे तसा.

प्रकाशकाचे कार्यालय तिथून पायी गाठण्याजोगे होते आणि तिला तिथेच जायचे होते. "मावशी, चहाला या, एक छान कल्पना आहे," असा त्याचा फोन आला होता. तिने पावले मुद्दाम सावकाश टाकली. रागाला चालण्याचा वेग मानवतो हे तिने कुठेतरी वाचले होते. तिने सगळेच कुठे ना कुठे वाचले होते. हास्याच्या शास्त्रावर तिने तरुणपणी जो प्रबंध लिहिला त्याची संदर्भसूचीच एका स्वतंत्र पुस्तकाइतकी झाली होती. माणूस घसरून पडला की दुसरा का हसतो, आणि पडलेला उठलाच नाही तर ते हसू नेमके कुठल्या क्षणी थांबते, यावर तिने एक पूर्ण प्रकरण खर्ची घातले होते. परीक्षकांनी प्रबंधाला मान डोलावली, महाविद्यालयाने तिला शिकवण्याची नोकरी दिली, आणि एका सुट्टीत, भाच्याला गोवर आला असताना, त्याने अंग खाजवू नये म्हणून तिने त्याला एक गोष्ट रचून सांगितली: एक अस्वल होते, त्याला सगळे गबदू म्हणत, आणि त्याला आरशातले अस्वल आपल्यापेक्षा शहाणे वाटे. संपले. एवढ्यावर तिचे चरित्र लिहून झाले. प्रबंध ग्रंथालयाच्या तळघरात गेला आणि अस्वल डब्यांवर, पांघरुणांवर, दातांच्या दवाखान्याच्या भिंतीवर. लोक तिला पाहून खाली वाकत, तिच्याशी बोलताना आवाज गोड करत, जणू तिने मुलांसाठी लिहिले म्हणजे तीच मूल झाली. अस्वलावर तिचा राग नव्हता. अस्वल हे तिचे सर्वांत काटेकोर काम होते, आणि ते काटेकोर आहे हे तिच्या नवऱ्याखेरीज कुणाच्याही ध्यानात आले नव्हते. तो जमिनी मोजणारा माणूस. "तुझं हे अस्वल एक वीतसुद्धा इकडेतिकडे सरकत नाही," तो एकदा म्हणाला होता, आणि कुठल्याही समीक्षकाने तिच्याविषयी इतके अचूक काही लिहिले नाही.

'सांत्वनाचे प्रकार'ची कल्पना नवऱ्याचीच होती. रुग्णालयातल्या त्या उंच पलंगावर, नाकात नळी, आणि भेटायला आलेला त्याचा जुना सहकारी पायाशी उभा राहून त्याला सांगत होता की आता तब्येत सुधारली की दोघांनी मिळून कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जायचे. सहकारी गेल्यावर नवरा तिच्याकडे वळला. "मी आहे तोवर हे असं बोलतात," तो म्हणाला. "मी नसताना तुला काय काय सांगतील! नीट ऐक हं. एकही शब्द फुकट घालवू नकोस." मग थोडा दम घेऊन: "मला वाचायला मिळणार नाही, एवढंच वाईट वाटतं." हे त्याचे शेवटचे सलग बोलणे. लोक सांगतात तसे ते उदात्त नव्हते. ती एक कामाची वाटणी होती. त्याने आपला भाग पुरा केला आणि तो गेला. तिने तिचा भाग सुरू केला.

आणि माणसे आली, अगदी त्याने वर्तवल्यासारखी. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर ती एकामागून एक येऊन बसत होती. वैद्यकीय सांत्वन करणारे आले, त्यांना शेवटचा रक्तदाब किती होता ते हवे होते आणि तो ऐकून ते "तरीच" म्हणाले. तुलनात्मक सांत्वन करणारी शेजारीण आली: "तुमचे पंधरवड्यात सुटले हो, आमच्या यांनी तीन महिने काढले," असे सांगताना तिच्या स्वरात शर्यत जिंकल्याचे संकोची समाधान होते. एक गृहस्थ इतके रडले की तिला त्यांच्यासाठी पाणी आणावे लागले, पाठ थोपटावी लागली, आणि जाताना ते तिला म्हणाले, "आता मला जरा बरं वाटतंय." एकाने आपले कासव वारल्याची हकिकत सांगितली आणि म्हणून आपण तिचे दुःख समजू शकतो असा निष्कर्ष काढला. ती ऐकत होती. तिच्या आत कुणीतरी गदगदून हसत होते, आणि ते एकट्याचे हसू नव्हते. दुःख होते ना. ते त्या खोलीत सर्वांत मोठ्या खुर्चीत बसले होते. पण दुःखाला विनोद कळत नाही हे तिला कुणी सिद्ध करून दाखवलेले नव्हते.

मुलांसाठी लिहिताना तिची एक पद्धत होती. नवीन मजकूर ती सतरंजीवर पालथ्या पडलेल्या मुलांना वाचून दाखवी आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे न पाहता पायांकडे पाही. गोष्ट पकड घेत असली की हवेतली ती पावले थांबत. कंटाळा आला की बोटे वळवळू लागत. जिथे बोट वळवळले ते वाक्य ती तिथल्या तिथे खोडी. मुले तोंडाने "छान" म्हणतील, पायांची बोटे खोटे बोलत नाहीत. मोठ्यांसाठीच्या पुस्तकाला तिने हीच कसोटी लावायची म्हटले तरी लावता येईना. मोठी माणसे बूट घालून बसतात.

प्रकाशन समारंभ तिला अजूनही एखाद्या दुसऱ्याच बाईवर ओढवलेल्या प्रसंगासारखा आठवे. त्या प्रकाशनसंस्थेत तिच्या प्रत्येक पुस्तकाच्या समारंभाला अस्वलाच्या पोशाखातला माणूस दारात उभा असे. तशी वर्षानुवर्षांची व्यवस्था होती आणि व्यवस्था रद्द करायची असते हे कुणाला सुचले नाही. तेव्हा मृत्यूवरच्या पुस्तकाच्या दारात गबदू फुगे घेऊन उभा होता. तिचे जुने वाचक, आता पस्तिशी-चाळिशीचे, आपापल्या मुलांना घेऊन आले होते. तिने कासवाचे प्रकरण वाचले. सभागृहात ज्या प्रकारची शांतता पसरली ती तिला ओळखीची होती; माणसे कुठे हसायचे याची खूण शोधत होती आणि खूण सापडेपर्यंत चेहरा कसा ठेवावा हे त्यांना कळत नव्हते. काहींनी तो हळवा ठेवला. पहिल्या रांगेत घामाघूम अस्वल बसले होते आणि वाचन संपल्यावर त्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या, कापसाच्या पंजांनी, बिनआवाजाच्या. मग प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "यात गबदू कधी मरतो?" तिच्या आईने तिला खसकन खाली ओढले आणि तेवढ्यात मागे कुठेतरी एकच हसू फुटले. त्या संध्याकाळचे एकमेव. तेही तिने लिहिलेल्या वाक्याला नव्हते.

परीक्षण आले. समीक्षकाने तिच्या 'निरागस' शैलीचे कौतुक केले. निरागस! कासववाल्या गृहस्थाला तिने शल्यविशारदाच्या हाताने उघडून टेबलावर ठेवले होते, आणि हा म्हणतो निरागस. पुढे त्याने लिहिले होते की लेखिकेने या निमित्ताने आपले दुःख हलके केले असेल, तर वाचक म्हणून आपल्याला आनंदच आहे. नणंदेचा फोन आला. "वाईट वाटून घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "पटकन आटोपलं हे एक बरं झालं. काही पुस्तकं वर्षानुवर्षं रखडतात, कुणी धड घेत नाही, धड टाकत नाही. तुझ्या हातात आहे ना तुझं अस्वल? त्याच्याकडे बघ आता." ती फोन कानाला लावून ऐकत राहिली. शब्दन् शब्द पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणातला होता आणि नणंदेने ते प्रकरण वाचल्याचे तिला सांगितले होते.

आणि पुस्तक वाईट होते. निदान काही भाग. हे तिच्याइतके कुणाला कळणार? तिसरे प्रकरण शास्त्राचे सर्व नियम पाळून लिहिले होते आणि म्हणूनच ते जन्मतःच गार पडलेले होते. पाचव्यात विनोद पोहोचण्याआधी त्याचे स्पष्टीकरण पोहोचत होते. कुणी तरी समोर येऊन म्हणावे, बाई, हे तुमचे पुस्तक फसले आहे, इथे आणि इथे. तिने त्याला बसायला खुर्ची दिली असती. पण तसे कुणी म्हणत नव्हते. फसले म्हणण्याऐवजी ते मुलांचे म्हणत. मोठ्या माणसाचे पुस्तक पडते, आपटते, त्याच्या चिंध्या होतात; तिच्या पुस्तकाला पडण्याची परवानगीच नव्हती, कुणीतरी त्याला अलगद उचलून खालच्या कप्प्यात ठेवत होते. तिला यश नाकारले याचा तिला राग नव्हता. तिला अपयश नाकारले जात होते.

कार्यालयाच्या जिन्यात खळीचा वास होता आणि तळमजल्यावर कागद कापण्याच्या यंत्राचा तो जड, निर्विकार आवाज. धाकटे मालक उठून उभे राहिले. थोरले मालक गेल्यावरही सगळे त्याला असेच म्हणत, चाळिशी उलटून त्याचे पोट सुटले होते तरी. तिच्या लेखी तो सतरंजीवरच्या पहिल्या पायांपैकी एक होता, आणि त्याच्या बोटांवर विश्वासून तिने अस्वलाची निम्मी वाक्ये खोडली होती.

"बसा मावशी. पायी आलात? अहो, गाडी पाठवली असती."

"तुझी छान कल्पना सांग."

त्याने खणातून चित्रे काढून टेबलावर पसरली. ती चांगली होती, हे वाईट होते. गबदू एका रिकाम्या खुर्चीसमोर बसला होता. गबदूकडे साळिंदर आले होते, कोंबडी आली होती, आणि एक बेडूक इतका रडत होता की गबदू त्याच्यासाठी पाण्याची बादली आणत होता.

"शाळांना हेच हवंय सध्या," तो पुढे झुकून सांगू लागला. "मुलांना दुःख कसं समजवायचं, यावर काही नाहीच आपल्याकडे. मानसतज्ज्ञ बाई प्रस्तावना द्यायला तयार आहेत. आणि मावशी, तुम्हाला काही म्हणता काही करायचं नाही. सगळं तुमचंच आहे. फक्त बाई काढायची आणि गबदू घालायचा."

"बाई काढायची."

"म्हणजे... तसं नव्हतं म्हणायचं मला."

"नाही, बरोबर आहे. आणि बाईचं पुस्तक?"

"ते मागे घेऊ. उरलेल्या प्रती लगद्याला जातील. कुणाच्या लक्षातही येणार नाही." हे त्याने अतिशय मायेने म्हटले. पुढच्या पिढ्या हे गोंडस पुस्तक वाचतील, बेडकाला हसतील, आणि एका माणसाने नाकात नळी असताना जी कामाची वाटणी केली होती तिचा मागमूस उरणार नाही. उशाला बसून सांगायची एक सौम्य गोष्ट होईल तिची. तिने चित्रांखालचा आराखडा ओढून घेतला आणि शिकवण्याच्या काळातल्या सवयीने बोट ठेवत प्रकरणे तपासली. साळिंदर वैद्यकीय. कोंबडी तुलनात्मक. कासव कासवच राहिले होते, त्याचा कुणी गोगलगाय-मित्र वारला होता. बोट एका जागी थांबले.

"नववं कुठाय?"

"कुठलं?"

"व्यावसायिक सांत्वन. छत्र्यांचा व्यापारी. छत्र्या शिवणाऱ्या बाईच्या घरी येतो, नवऱ्याच्या तसबिरीला नमस्कार करतो आणि विचारतो, पुढचा माल कधी मिळेल."

"ते नाही घेतलं. मुलांना नाही कळणार ते."

"तुला कळलं?"

खालच्या यंत्राचे पाते एकदा वर जाऊन पडले. त्याने चित्रे गोळा करायला घेतली, कडेला कड जुळवत, आणि ती जुळल्यावरही जुळवत राहिला. तिने त्याच्या पायांकडे पाहिले नाही; टेबल मध्ये होते. तिने, बहुधा पहिल्यांदाच, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"मला राग आला होता, मावशी," तो म्हणाला. "छापायला गेलं तेव्हा मी वाचलंच नव्हतं. तुमचं काय वाचायचं, तुमचं थेट जातं यंत्रावर. समारंभानंतर घरी वाचलं. नवव्यापर्यंत आलो आणि पुस्तक भिंतीवर फेकलं. बायको म्हणाली, काय झालं, अस्वल आवडलं नाही का?"

"भिंतीवर?"

"हसताय काय? मी काय छत्रीवाला आहे?"

"नाही, नाही. सांग पुढे." ती खरोखरच खुर्चीत सरसावून बसली होती. एका प्रौढ माणसाने तिचे पुस्तक फेकले होते. तो हसला नव्हता, म्हणजे विनोदी पुस्तक म्हणून ते त्याच्यापाशीही पडलेच. पण ते मोठ्या माणसाच्या अंगावर, मोठ्या माणसाला लागेल असे पडले होते, आणि ही सगळी साळिंदरे आणि कोंबड्या त्या जखमेवर बांधलेली पट्टी होती. शाळा, मानसतज्ज्ञ बाई, मुलांचे दुःख! तिला त्याचा एकाएकी आदर वाटला. "काय चुकलं त्यात? खोटं होतं?"

"खोटंच होतं. मी असं म्हणालो नव्हतो."

"तू आलास, बसलास, आणि गबदूचं विचारलंस."

"गबदूचं विचारलं. पण हस्तलिखित कधी देता असं नव्हतं विचारलं." त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही समोर बसला होतात. मला काही सुचेना. सगळे काही ना काही बोलून गेले होते, आणि मी आपला नुसता बसलेलो. मी विचारलं, गबदूला सांगितलं का."

ते तिला आठवले. शब्द तेव्हाही तिने नीट ऐकले होते. ऐकणे हेच तर तिच्याकडे सोपवलेले काम होते. चाळिशीतला, टाय लावलेला माणूस बूट जुळवून बसला होता आणि काकुळतीने विचारत होता की अस्वलाला सांगितले का. ते ना वैद्यकीय होते, ना तुलनात्मक, ना आणखी कशातले. आणि प्रकार पाडणाऱ्या बाईने, जिचा हास्यशास्त्रावर प्रबंध होता, ते जवळच्या प्रकारात बसेल इतके कापून, त्याला छत्र्या विकायला लावून, नवव्या प्रकरणात कोंबले होते. एक वीतसुद्धा इकडेतिकडे सरकू न देणारी बाई इथे चांगली हातभर सरकली होती. नववे प्रकरण का मेले होते ते तिला लख्ख दिसले. ती हसू लागली. तोंडावर हात नाही, पदर नाही. खुर्चीच्या हातांना धरून, श्वास अडकेपर्यंत.

तो हसला नाही. "यात हसण्यासारखं काय आहे?" तो दुखावून म्हणाला.

"हेच," तिने डोळे पुसले. "हे मी लिहिलं त्यापेक्षा फार चांगलं आहे. गाढवा, तू तेव्हाच भांडायला का नाही आलास?"

"मग मावशी, हेच चित्रांच्या पुस्तकात नववं म्हणून घेऊ या ना? गबदू आरशासमोर जातो आणि आरशातल्या गबदूला सांगतो, असं काहीतरी. मुलं रडतील."

रडतील. त्याची कल्पना खरोखरच छान होती, आणि ती मनात एका क्षणात पूर्ण लिहूनही झाली, स्वल्पविरामांसकट. पायांची सगळी बोटे थांबली असती. तिने ते पान तसेच्या तसे मनातल्या मनात फाडले.

"नाही," ती म्हणाली.

"पण तुम्हीच म्हणालात, चांगलं आहे."

"मोठ्यांच्या पुस्तकासाठी चांगलं आहे. गबदू मिळणार नाही. पाहिजे तर त्याला पोहायला शिकवते, चंद्रावर पाठवते. या घरात तो येणार नाही."

"मावशी, ते पुस्तक कुणी घेत नाही हो." शेवटी तो चिडला, आणि चिडल्यावर त्याचा आवाज प्रथमच तिच्या बरोबरीच्या माणसाचा वाटला. "पडलंय ते. स्पष्ट सांगतो. वाईट आहे. माझ्या गोदामात जागा अडवून बसलंय."

"पुन्हा म्हण."

"वाईट आहे."

"आभारी आहे," ती म्हणाली, आणि त्यात उपरोध नव्हता. टेबलाच्या कोपऱ्यावर नमुन्याची प्रत होती. तिने ती जवळ ओढली, नववे प्रकरण उघडले, त्याच्या पेल्यातली लाल शाईची लेखणी न विचारता उचलली आणि छत्र्यांच्या व्यापाऱ्यावर, डोक्यापासून पायापर्यंत, एक सरळ रेघ मारली. समासात जागा कमी होती. ती बारीक अक्षरात लिहू लागली.

"अहो, आता त्यात काय लिहिताय? सोमवारी सगळं लगद्याला चाललंय."

"कर ना लगदा," ती मान वर न करता म्हणाली. "ही प्रत सोडून. हिच्यात दुरुस्ती चालू आहे."